समीकरण जुळतं म्हणजे नेमकं काय जुळतं?

सहामाहीचे पेपर तपासताना एक उत्तर दरवर्षी हमखास सापडतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे समीकरण संतुलित करायला दिलेलं असतं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे पाण्यात एकच. मूल थोडा विचार करतं, पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या पायाशी एक छोटासा २ लिहितं, दोन्ही बाजू पुन्हा मोजतं आणि खाली ‘संतुलित’ लिहून त्याला चौकट करतं. मोजणी अगदी बरोबर असते. पण त्या छोट्या दोनमुळे पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं, म्हणजे जखम धुवायला मेडिकलमधून आणतात ते.

मी नाशिकमध्ये शाळेत विज्ञान शिकवते. या उत्तराचे गुण कापावे लागतात आणि ते कापताना दर वेळी हात जड होतो. त्या मुलाचं गणित कच्चं नसतं. आपण मोजतोय काय, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. दहावीला रासायनिक अभिक्रियांचा धडा सुरू झाला की पालकही विचारू लागतात, ‘मॅडम, हे बॅलन्सिंग पाठ करायचं असतं का?’ पाठ करायचं नसतं. तो एक हिशेब आहे, आणि तो समजायला घरातल्याच वस्तू पुरतात.

कापूर जातो कुठे?

रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीत कापराची वडी पेटते आणि थोड्या वेळात तबक रिकामं होतं. राख नाही की निखारा नाही. कापरासारखा उडून गेला, असं आपण म्हणतोच. डोळ्यांना दिसतं ते एवढंच की वस्तू होती आणि आता नाही.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी अशा ‘नाहीशा’ होण्याचा तराजू घेऊन पिच्छा पुरवला. पदार्थ बंद भांड्यात तापवायचा, आधी आणि नंतर सगळ्याचं वजन करायचं, आतल्या हवेसकट. वजन तेवढंच भरायचं. १७८९ साली त्यांनी आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात हे स्पष्टपणे मांडलं. आपल्या पुस्तकात तो ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ म्हणून येतो. नाव भारदस्त आहे, पण म्हणणं साधं आहे: रासायनिक अभिक्रियेत काही नवं जन्माला येत नाही आणि काही नष्ट होत नाही.

याचं कारण अणूंमध्ये आहे. अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण. रेणू म्हणजे अशा अणूंची बांधलेली जुडी. कापराच्या एका जुडीत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. कापूर पेटतो तेव्हा ही जुडी सुटते, हवेतल्या ऑक्सिजनच्या जुड्याही सुटतात, आणि त्याच अणूंच्या वेगळ्या जुड्या बांधल्या जातात: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. दोन्ही दिसत नाहीत, म्हणून तबक रिकामं वाटतं. हिशेब असा:

२ कापूर + २७ ऑक्सिजन → २० कार्बन डायऑक्साइड + १६ पाणी

बाणाच्या डावीकडे जे लागतं ते अभिक्रियाकारक, उजवीकडे जे तयार होतं ते उत्पादित. समीकरण संतुलित करायचं म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू बाणाच्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत ना, हे बघायचं. दुकानदार संध्याकाळी जमा-खर्च जुळवतो, तसंच हे काम. पाच रुपये जुळत नसतील तर ते कुठेतरी गेलेले असतात, हवेत विरघळलेले नसतात.

पुढचा आकडा आणि पायाशी असलेला आकडा

वर्गात सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

नाशिकच्या कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी बसा. एक प्लेट म्हणजे एक वाटी मिसळ आणि दोन पाव, असं धरू. ‘तीन प्लेट’ अशी ऑर्डर गेली की भटारखान्यात तीन वाट्या आणि सहा पाव निघतात. इथे दोन वेगळे आकडे आहेत. प्लेटीत पाव किती, हा एक. प्लेटी किती, हा दुसरा. पहिला आकडा त्या पदार्थाची ओळख आहे, तो गिऱ्हाईक बदलत नाही. दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात असतो.

पाण्याचं सूत्र एच२ओ. यातला २ हा ‘प्लेटीत पाव किती’ यासारखा आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, ते तसेच राहणार. ते अणूंच्या संयुजेवरून, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो यावरून ठरलेलं आहे. त्या सूत्राच्या पुढे आपण जो मोठा आकडा लिहितो तो सहगुणक, म्हणजे ‘प्लेटी किती’. समीकरण जुळवताना फक्त सहगुणक बदलायचा. पायाशी असलेल्या आकड्याला हात लावला की पदार्थच बदलतो. सीओ२ मधला तो एवढासा २ पुसला तर आपण श्वासावाटे सोडतो तो कार्बन डायऑक्साइड जातो आणि माणूस मारणारा कार्बन मोनॉक्साइड येतो.

आता पाण्याचं समीकरण पुन्हा घेऊ.

हायड्रोजन + ऑक्सिजन → पाणी

हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही वायू जोडीने राहतात, म्हणजे एका रेणूत दोन-दोन अणू. डावीकडे ऑक्सिजन २, उजवीकडे १. पाण्याच्या ‘दोन प्लेटी’ केल्या की ऑक्सिजन जुळला, पण हायड्रोजन उजवीकडे ४ झाला. मग डावीकडे हायड्रोजनच्याही दोन जोड्या घेतल्या.

२ हायड्रोजन + ऑक्सिजन → २ पाणी

डावीकडे ४ आणि २, उजवीकडेही ४ आणि २. इथे एखादा हात वर होतोच: ‘मॅडम, डावीकडे तीन रेणू आणि उजवीकडे दोनच. मग एक गेला कुठे?’ हा प्रश्न मला फार आवडतो. रेणूंची संख्या जुळायलाच पाहिजे असं नाही, कारण जुड्या सोडून नव्याने बांधल्या आहेत. मेथीच्या तीन लहान जुड्या सोडून दोन मोठ्या बांधल्या तरी काड्या तेवढ्याच राहतात. वजनानेही पडताळता येतं. हायड्रोजनच्या अणूचं वजन १ आणि ऑक्सिजनच्या अणूचं १६ धरलं तर ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनपासून ३६ ग्रॅम पाणी होतं.

लसावि इथे कामाला येतो

लोखंड आणि ऑक्सिजनपासून आयर्न ऑक्साइड होतं. त्याच्या एका घटकात लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. हवेतला ऑक्सिजन मात्र जोडीनेच येतो. समजा बेकरीत पाव जोडीनेच मिळतात आणि घरी प्रत्येकाला तीन लागतात. एका माणसासाठी दीड जोडी मागता येत नाही. दोन माणसं, सहा पाव, तीन जोड्या, असा हिशेब लागतो. दोन आणि तीनचा लसावि सहा. तेच इथे:

४ लोखंड + ३ ऑक्सिजन → २ आयर्न ऑक्साइड

‘अर्धा लिहिला तर चालेल का?’ असं मुलं विचारतात. गणिताने जुळेल, आणि वरच्या वर्गांत काही हिशेबांत तसं लिहितातही. पण शाळेत आपण रेणू मोजतोय, आणि ऑक्सिजनचा अर्धा रेणू म्हणजे सुटा अणू. तो काही ऑक्सिजन वायू नव्हे. म्हणून अपूर्णांक आला की सगळ्या समीकरणाला दोनने गुणायचं.

स्वयंपाकघरातला सिलिंडर

घरगुती गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेनच्या रेणूत कार्बन ३ आणि हायड्रोजन ८. याचं समीकरण फळ्यावर करताना मी एकच क्रम सांगते: आधी कार्बन, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन शेवटी. ऑक्सिजन डावीकडे एकटाच आहे, त्याचा आकडा बदलला तर दुसरं काही बिघडत नाही. जो पदार्थ एकाच मूलद्रव्याचा आहे, त्याला नेहमी शेवटी ठेवावं. ज्यांचं समीकरण एकीकडे जुळवताना दुसरीकडे उसवत जातं, ती मुलं बहुतेक वेळा ऑक्सिजनपासून सुरुवात करत असतात.

कार्बन ३, म्हणून कार्बन डायऑक्साइड ३. हायड्रोजन ८, म्हणून पाणी ४. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा. तीन कार्बन डायऑक्साइडमध्ये ६, चार पाण्यात ४, एकूण १०. म्हणजे डावीकडे ५ जोड्या.

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

ब्यूटेनचं असंच केलं की ऑक्सिजन साडेसहा येतो, म्हणून सगळं दुप्पट: २ ब्यूटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी.

आता कार्बनच्या अणूचं वजन १२ धरून हे ग्रॅममध्ये मांडा. ४४ ग्रॅम प्रोपेनला १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ७२ ग्रॅम पाणी तयार होतं. आपला भरलेला घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस. तो संपेपर्यंत सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२-२३ किलो पाण्याची वाफ आपल्या स्वयंपाकघरातून गेलेली असते. प्रोपेन धरा की ब्यूटेन, उत्तर जवळपास हेच येतं.

हे ऐकून पालकसुद्धा चमकतात. १४ किलोतून ४३ किलो कसे निघाले? ते सगळे सिलिंडरमधून निघालेले नाहीत. सिलिंडर संपेपर्यंत आपण खिडकीतून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन फुकट घेतलेला असतो. त्याचं बिल येत नाही म्हणून तो हिशेबात धरायचा राहून जातो, एवढंच.

बंद न्हाणीघरात हाच हिशेब जिवावर बेततो

दर हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी येते. त्याच दिवसांत, कुठल्या ना कुठल्या गावातून, गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात कुणीतरी बेशुद्ध सापडल्याचीही येते. हे समीकरण मी वर्गात दोन तास लावून शिकवते, त्याचं हे मुख्य कारण आहे.

प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनच्या पाच जोड्या लागतात. एकाच तापमानाला आणि दाबाला असलेल्या वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, म्हणून रेणूंचा हिशेब थेट आकारमानालाही लागू पडतो. एक बादली प्रोपेनला पाच बादल्या ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश, म्हणजे सुमारे २४ बादल्या हवा. ब्यूटेनला तर ३१.

आता पाच फूट बाय चार फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर घ्या, दार-खिडकी बंद. त्यात एक किलोच्या जरा वर ऑक्सिजन असतो. सिलिंडरमधला जेमतेम तीनशे-साडेतीनशे ग्रॅम गॅस पूर्ण जाळायला तेवढा सगळा लागेल. आणि सगळा संपेपर्यंत ज्योत वाट बघत नाही. ऑक्सिजन कमी पडायला लागला की हिशेब बदलतो:

२ प्रोपेन + ७ ऑक्सिजन → ६ कार्बन मोनॉक्साइड + ८ पाणी

मोजून बघा, हेही जुळतं. दोन प्रोपेनला दहा जोड्या लागायच्या, मिळाल्या सात. निसर्ग अणूंचा हिशेब चुकवत नाही, तो पदार्थ बदलतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला आधी फक्त डोकं जड झाल्यासारखं वाटतं. ऑक्सिजन फारच अपुरा असेल तर थोडा कार्बन तसाच सुटा राहतो. पातेल्याच्या बुडाला येणारी काजळी आणि शेगडीची पिवळी ज्योत ती हीच. निळी ज्योत पिवळी झाली की बर्नर साफ करून घ्या आणि हवा येऊ द्या. आणि गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लावू नका. हे मी मुलांना वहीत लिहून घरी वाचून दाखवायला सांगते.

मग हे सरळ बीजगणितानेच का करत नाहीत?

करता येतं. प्रत्येक पदार्थापुढे एक अक्षर मानायचं, प्रत्येक मूलद्रव्याचं एक समीकरण मांडायचं आणि सोडवायचं. दहावीच्या बीजगणिताच्या पहिल्याच धड्यात रेषीय समीकरणं आहेत, तेच हत्यार. एखादं समीकरण प्रयत्नाने जुळतच नसेल तेव्हा ही पद्धत जरूर वापरावी. पण परीक्षेतली बहुतेक समीकरणं मघाशी सांगितलेल्या क्रमाने दोन-तीन मिनिटांत जुळतात. सल्फेट, नायट्रेट असे गट दोन्ही बाजूंना न फुटता आले असतील तर ते अख्खे गट म्हणूनच मोजावेत, निम्मं काम वाचतं.

जुळलं म्हणजे तसं घडतंच का?

हा सगळ्यात चांगला आक्षेप, आणि त्याचं उत्तर मला फळ्यावर नाही, द्राक्षबागेत मिळालं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची दिंडोरीकडे बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ओल राहिली की डाउनीची, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाची, धास्ती. त्यावर बोर्डोची फवारणी. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केले की आकाशी रंगाचं मिश्रण होतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून हे शिंपडत. त्या वेली रोगातून वाचतात हे मियार्दे या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शाळेच्या भाषेत सोपं करून लिहिलं तर:

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

सगळे सहगुणक १, जुळवायला काही नाही. प्रत्यक्ष मिश्रणात याहून गुंतागुंतीची संयुगं असतात, पण हिशेबाला हे पुरतं.

त्या मुलीच्या वडिलांनी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मिश्रण ढवळलं, बांधावरचा विळा घेतला, पातं मिनिटभर आत धरलं आणि वर काढलं. पात्यावर तांबूस थर आला होता. ‘चुना कमी पडला,’ ते म्हणाले आणि आणखी थोडी निवळी ओतली. पुन्हा विळा घासून बुडवला, या वेळी पातं स्वच्छ. मुलगी माझ्याकडे बघत होती. कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा, हा प्रयोग आम्ही त्याच महिन्यात प्रयोगशाळेत केला होता.

लोखंड + कॉपर सल्फेट → आयर्न सल्फेट + तांबं

मोरचूद शिल्लक असेल तर लोखंड त्यातल्या तांब्याला हुसकावून स्वतः आत जातं आणि तांबं पात्यावर बसतं. द्रावणात असं मोकळं राहिलेलं तांबं पानं जाळतं, म्हणून आधी हे बघावं लागतं. आता हेच समीकरण उलटं लिहा: आयर्न सल्फेटमध्ये तांब्याची तार. कागदावर तेही अणू न अणू जुळतं. पण तार आठवडाभर बुडवून ठेवली तरी तिच्यावर लोखंड चढत नाही, कारण लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. समीकरण फक्त सांगतं की घडलंच तर किती लागेल आणि किती होईल. घडेल की नाही, हे विळ्याला विचारावं लागतं. लोखंडी पिंपात बोर्डो का करत नाहीत, तेही इथेच कळतं.

नंतर त्या मुलीने घरी हिशेब मांडला. एक किलो मोरचुदाला कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुमारे ३०० ग्रॅम पुरतं. तिचे पप्पा त्याहून बराच जास्त चुना टाकतात. ती मला विचारायला आली, ‘पप्पांचं चुकतंय का मॅडम?’ मी म्हटलं, समीकरण शुद्ध चुन्याबद्दल बोलतं. तुमच्या गोणीतला चुना किती शुद्ध आहे, ते बघ. उघड्या चुन्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि त्याची चुनखडी होते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते मोरचुदाशी तसं भिडत नाही. आंबट रस पडला की मात्र फसफसतं. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या वर्षीच्या उघड्या गोणीतली दोन चमचे भुकटी आणली, एक वरच्या थरातली आणि एक खोलवरची. दोन वाट्या, दोन्हींत लिंबाचा रस. वरच्या थरातली फसफसून वर आली. खोलवरची नुसती भिजली.